चौथ्या बाजूचा ताटवा

कारंजा
कार्तिक वद्य सप्तमी, शके १८३९

भाऊजीले जगदेवाचा रामराम. अक्काच्या पायावर डोकं, अन् तुमच्या मायले, चतुरामायले, दंडवत.

तुमचं पत्र येऊन किती दिवस झाले ते मले इचारू नका. ते बंडीच्या खिशात घालून हिंडून राह्यलो. रोज सकाळी म्हनतो आज लिहितो, अन् रोज काहीतरी मधात येते. एक दिवस शाई वाळलेली निघाली. एक दिवस जिनिंगात नवं इंजिन आलं म्हनून पाह्याले गेलो, तं तठीच दिवस मावळला. आज आमच्या मालकानं, मांडव-कनातवाल्या सैफुद्दीनचाचानं, पत्र माह्या खिशातून काढून म्होरं ठेवलं अन् म्हनले, "पहले जवाब लिख, फिर रोटी." म्हनून बसलो.

गावात प्लेगाचे उंदीर पडले अन् समदं आसेगाव घरं सोडून शिवारात राह्याले गेलं, हे वाचून जीव खालीवर झाला. अक्काचे दिवस भरत आले, अन् त्यात हे. माय-बाप गेल्यावर तिनंच मले वाढवलं, तिच्याबिगर मले कोन हाय? तुमी मळ्यात मांडव घातला, वरतं गवत शाकारलं, त्यावर कापसाच्या गाडीची ताडपत्री ताणली, हे बेस केलं. बाळंतपन तठीच होनार म्हनता. मंग चारी अंगानं काय लावाचं, हे इचारलं ते बराबर मानसालेच इचारलं. दुसरं काही येत नसन, पन कनातीतलं मले समजते. इतले दिवस एका धंद्यात मी पयल्यांदाच टिकलो.

तं आयका. लग्नाले लावतो ते दोसुती कनात, दोन पदरी, लाल-निळे पट्टे. दिसाले नवरीवानी, पन दहिवर पडलं की वली होते अन् दिसभर वाळत नाई. ते नको. बांबूची चीक हाय, काड्यायचा पडदा, तिच्यातून बाह्यरचं दिसते अन् आतलं दिसत नाई, पन थंडीत ते काय कामाची? वाळ्याचे ताटे उन्हाळ्यातल्या सायबायसाठी. उरलं मेणकापड. जाड कापडाले जवसाचं तेल अन् मेण पाजून केलेलं. वारा नाई, पानी नाई, दहिवर नाई, काहीच आत येऊ देत नाई. थोडा वास मारते, पन चार दिवसात जाते.

कनातीवरून आठवलं. कामरगावच्या एका लग्नात बकरीनं दोसुती कनातीले खाऊन भगदाड पाडलं. तठून समद्या वऱ्हाडाले दिसलं, तं नवरीची मावशी आत बसून पदरात बुंदीचे लाडू लपवून राह्यली! मांडवभर हसू, अन् चाचा बकरीच्या मांगं बांबू घेऊन. अक्काले हे वाचून दाखवा. तिले हसू आलं पाह्यजे.

काय पाठवू ते लिहा. मी आता उशीर नाई करत.

जगदेव

*

आसेगाव, मळ्यातून
कार्तिक वद्य द्वादशी

चिरंजीव जगदेवास मारोतरावाचा आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मी वाचत होतो आणि तुझी बहीण शेंगा फोडत ऐकत होती. बकरीचं ऐकून तिला इतकं हसू आलं की माय ओरडली, "पोरी, पोट सांभाळ!" मग रुख्मिणी म्हणाली, "लिहा त्याले, चार पानाचं पत्र लिहिलं त्यात कामाची गोष्ट बकरीच्या शेपटाएवढी." मी लिहिलं. आणखी म्हणते, "लिहा, बंडी धुतो का नाई ते इचारा." तेही लिहिलं. आता ती म्हणते की मी तिचं सगळं लिहू नये. बायकोचं कोणतं ऐकावं ते तूच सांग.

मेणकापडच पाठव. इथे उत्तरेकडून असा वारा सुटतो की भाकरीचं पीठ परातीतून उडतं. गावात आणखी माणसं गेली. आमच्या आळीतलं कोणी नाही, देवाची कृपा. पण घरी परत जायला अजून महिना-दीड महिना तरी लागेल.

मायचा एकच हट्ट आहे. बाळंतिणीला वाऱ्याची झुळूकसुद्धा लागता कामा नये. माझ्या वेळी तिला वारा लागला, तेव्हापासून तिचे गुडघे धरले आहेत, असं ती सांगते. तेव्हा कापड पुरेसं पाठव. विसरशील म्हणून सांगतो, मांडवाला चार बाजू असतात.

तांड्यावरचा धरमसिंग कापूस घेऊन कारंजाला निघाला आहे. परत येताना त्याची गाडी रिकामी असेल. त्याच्याजवळ दे.

मारोतराव

*

कारंजा
मार्गशीर्ष शुद्ध द्वितीया

भाऊजीले रामराम.

पाह्यलं? या खेपेले उशीर नाई केला. धरमसिंगाच्या गाडीत मेणकापडाच्या तीन कनाती भरल्या. खुंट्या अन् दोऱ्या गाठोड्यात हायत. कापडाच्या शिवनीत बांबू घातलेले हायत, ते उभे राह्यले पाह्यजे. वरची दोरी पयले बांधा, खालची मांगून, नाई तं कापड फुगते अन् मांडव जहाजावानी हलते. (जहाज मी पाह्यलं नाई. रहीमनं, चाचाच्या पोरानं, मुंबईले पाह्यलं, तो सांगते.)

उत्तर, पूर्व अन् पश्चिम, या तीन अंगाले कापड लावा. दक्षिनच्या अंगाले कापड नाई. तठी तुराट्याचा ताटवा, म्हंजे तुरीच्या काड्यायचा कूड, उभा करा अन् तो तसाच राहू द्या. चाचा म्हनत होते चार घेऊन जाय, माल पडूनच हाय. मीच नाई म्हटलं. याले कारन हाय, ते सांगतो.

काल काय झालं, सरकसवाल्यायचा हत्ती बजारातून गेला. लहानसा, पोट्ट्यावानी. हलवायाच्या दुकानापाशी थांबला अन् सोंडेनं जिलबीची परात पुसून काढली. हलवाई बोंबलून राह्यला, अन् माहूत म्हनते, "देवाले निवद दिला असं समज." हलवाई म्हनते, "मंग देवाले म्हना खाली बस अन् कढईबी घास." मी हसून हसून बसलो. मंग त्या माहुताच्या मांगं टेशनापर्यंत गेलो. हत्तीच्या पायाले साखळदंड घालते, तो इतला हलका असते की मानूसबी तोडन, पन हत्ती वढूनच पाहत नाई म्हने. ध्यानात ठेवाची गोष्ट हाय.

हा धरमसिंग बैल जुपून उभा हाय अन् मले लमाणी बोलीत काहीतरी म्हनून राह्यला, ते शिवीच दिसते. कागदबी सरला. ताटव्याचं कारन मंग लिहीन. अक्काले म्हना, बंडी धुतली.

जगदेव

*

आसेगाव, मळ्यातून
मार्गशीर्ष पौर्णिमा

चिरंजीव जगदेवा,

मामा झालास. मुलगा झाला. अंधार पडायच्या आत सुटका झाली, दोघंही खुशाल आहेत. पोराचं नाक तुझ्यावर गेलं आहे, असं रुख्मिणी म्हणते. माय म्हणते, नाकापर्यंत ठीक, त्याखाली जाऊ नये.

कनाती उत्तम आहेत. वारा बाहेर आपटतो आणि आत दिव्याची ज्योतसुद्धा हलत नाही. आजूबाजूच्या मांडवातले लोक पाहायला येतात. चौथी कनात मात्र तू विसरलास, आणि विसरलो म्हणायचं सोडून ताटव्याची गोष्ट रचलीस. आम्ही तुला ओळखत नाही का? रुख्मिणी पोट धरून हसली, म्हणे, "कारन मंग सांगतो म्हनते, ते कारन हत्तीनं खाल्लं."

पण अडलं नाही. तुराट्या घरच्याच होत्या. ताटवा बांधला आणि मायनं तो आतून-बाहेरून शेणामातीनं लिंपून काढला. नुसत्या तुराट्या उघड्या ठेवल्या तर लोक म्हणतील, यांच्या घरात बायका नाहीत. दोन हात दिले तिनं. वर ओल्यावर बोटांनी नक्षी काढली, मोराची. सुईसुद्धा जाणार नाही असं काम झालं आहे. येण्याजाण्याला कोपऱ्यातली कनात उचलतो आणि परत खुंटीला बांधतो.

बाजेखाली बाभळीच्या निखाऱ्यांची शेगडी ठेवली आहे. त्यावर ओवा आणि बाळंतशेपा टाकतात. आत गेलं की कापडाच्या दुकानासारखी ऊब. बाळंतिणीला असा बंदोबस्त वाड्यातसुद्धा मिळणार नाही, असं माय सगळ्यांना सांगत असते. पोर धुरानं शिंकतं म्हणून ते बराच वेळ मायच्या खोपीत तिच्या मांडीवरच असतं. पाजायला तेवढं आणतात.

रुख्मिणीचं डोकं थोडं जड आहे. पहिलटकरणीला होतं म्हणतात. ती म्हणते, मामाला लिहा, बारशाला ये आणि हत्ती घेऊन ये.

मारोतराव

*

आसेगाव
मार्गशीर्ष वद्य पंचमी

जगदेवा,

तू आला नाहीस आणि पत्रही नाही. काही हरकत नाही, पण हे वाचताच उत्तर पाठव.

रुख्मिणीचं डोकं उतरत नाही. ओकाऱ्या होतात. चेहरा लाल दिसतो. ती उठायला गेली की पाय मोडल्यासारखी खाली बसते. माझ्या मनात प्लेगाचं आलं. काखेत, जांघेत सगळं पाहायला सांगितलं, गाठ कुठेच नाही, तापही नाही. मायनं दृष्ट काढली. वैद्यबुवांनी लांबूनच विचारून पुडी दिली. ते मांडवात येत नाहीत, सध्या कोणीच कोणाच्या मांडवात जात नाही.

एक गोष्ट मला कळत नाही. सकाळी तिला न्हाणीकडे नेतात, तिथे उन्हात थोडा वेळ बसली की तिला बरं वाटतं. म्हणते, "अठीच बसू द्या न मले." माय बसू देत नाही. पुन्हा आत नेलं की तासाभरात डोकं.

त्या मेणकापडाचा वास बाधत असेल का? तुला त्यातलं समजतं. ते काढून दोसुतीचं लावू का? लवकर लिही. धरमसिंगाच्या हाती देतो आहे.

मारोतराव

*

आसेगाव
मार्गशीर्ष वद्य अष्टमी

जगदेवा,

तुही अक्का गेली.

काल आभाळ आलं होतं, झिमझिम होती. मायनं शेगडीत निखारे वाढवून घातले अन् कनातीच्या खालच्या दोऱ्या ओढून बांधल्या. लेकरू आंघोळ घालून आपल्या खोपीत नेलं. म्हने, झोपू द्या तिले, लई दिवसानं झोप लागली. दुपारी पाजाले म्हनून लेकरू नेलं, तं ती उठली नाई. गाल लाल होते. मले वाटलं झोपलीच हाय.

लोकं म्हनतात प्लेग. खांदा द्यायले आपल्या आळीतलं कोनी आलं नाई. तांड्यावरचे चौघं आले.

मले काही सुचून नाई राह्यलं. तू कुठी हायस?

मारोतराव

*

कारंजा
पौष शुद्ध षष्ठी

भाऊजी,

तुमची तीन पत्रं मले आज एकदम भेटली. तिन्ही. मी अठी नव्हतो. सायबाचे डेरे घेऊन दारव्ह्याकडं गेलो होतो, ते काम झालं, बाकीचे वापस आले, अन् मी डोंबाऱ्यायच्या मांगं पुसदेपर्यंत गेलो. त्यायची एक पोरगी दोरीवर चालत होती, ते पाहत पाहत गेलो. आज आलो, तं चाचानं पत्रं हातात देली. पोराच्या जन्माचं वाचलं, उड्या मारल्या, अन् मंग दुसरं उघडलं.

रडून झालं. आता तुमाले एक इचारतो, अन् खरं सांगा. ताटवा लिंपला कायले?

त्या तुराट्यायतून हवा जाव म्हनूनच मी चौथी कनात नाई देली. मेणकापडातून काहीच जात नाई, वारा नाई तसा धूरबी नाई. मागच्या थंडीत मुर्तिजापुराकडं मी अन् रहीम मेणकापडाच्या डेऱ्यात शेगडी घेऊन बसलो, समदी अंगं बांधून. डोकं जड झालं, मंग ओकारी, मंग गोड गोड झोप आली. रहीमचे गाल कुंकवावानी लाल. कोन्या तरी गाडीवाल्यानं कनात उचलली अन् आमाले वढून बाह्यर टाकलं म्हनून वाचलो. हवेत पडलो अन् हळूहळू बरं झालं. आमच्या धंद्यात हे समद्यायले ठावं असते, आत विस्तव असन तं एक अंग उघडं. निखाऱ्याचं जहर दिसत नाई, त्याले वासबी नाई. भाऊजी, ते प्लेग नव्हतं. ते कापडाचा वासबी नव्हतं.

उन्हात बसली की बरं वाटे तिले. "अठीच बसू द्या न मले." ते वाक्य माह्या डोक्यातून जात नाई.

तुमी दुसरं पत्र लिहिलं तवा ताटव्याले नुसती लाथ मारली असती तरी ते वाचली असती. मी अठी असतो तं रातोरात आलो असतो. मी दोरीवरची पोरगी पाहत होतो.

मी येऊन राह्यलो. लेकराले पाह्याचं हाय. अन् चतुरामायले इचाराचं हाय.

जगदेव

*

आसेगाव
पौष शुद्ध एकादशी

जगदेवा,

येऊ नकोस. हे पूर्ण वाच आणि मग मला शिव्या दे.

तुझं पत्र मी मळ्याच्या बांधावर एकट्यानं वाचलं आणि चुलीत घातलं. ताटवा लिंपला कायले, असं विचारतोस. कारण तो उघडा ठेवायचा आहे हे आम्हाला माहीत नव्हतं. "तसाच राहू द्या" इतकंच तू लिहिलंस. आम्हाला वाटलं, तू कनात विसरलास. तू हत्तीवर जेवढं लिहिलंस त्यातल्या एका ओळीत हे सांगितलं असतंस, तर मायनं हात लावला नसता. हे मी भांडायला लिहीत नाही. दोष वाटून घ्यायला बसलो तर माझ्या वाट्याला सगळ्यात जास्त येईल. निखारे मीच आणून देत होतो.

पण मायचं ऐक. ती तो ताटवा लिंपायला बसली तेव्हा तिचे गुडघे वाकत नव्हते. सुनेला वारा लागू नये म्हणून तिनं ते केलं. रुख्मिणी तिला लेकीसारखी होती. आता ती दिवसभर लेकरू छातीशी धरून बसते. तांड्यावरची कमलीबाई, धरमसिंगाची घरवाली, तिचंही पोर अंगावर आहे, ती सकाळ-संध्याकाळ येऊन आमच्या पोराला पाजते. बाकी सगळं माय करते. तिला कळलं की तिच्या हातानं हे झालं, तर ती चार दिवस जगणार नाही. मग हे लेकरू कोणाच्या भरवशावर?

गाठ नव्हती, त्यामुळे प्लेग तिला पटेना; म्हणून मी तिला सांगितलं आहे की मेणकापडात विष होतं, जगदेवानं वाईट कापड पाठवलं. तिनं मानलं. ती तुझं नाव घेऊन कडाकडा बोटं मोडते आणि मग लेकराला घास भरवायला… नाही, अजून घास कुठला, थापटायला बसते. राग आहे तोवर ती उभी आहे. तो राग तू घे. इथे येऊन खरं सांगू नकोस. ती असेपर्यंत येऊच नकोस.

मांडव तसाच उभा आहे. कोणी तिकडे जात नाही.

तुला हे मागायचा मला हक्क नाही, ते मला कळतं.

मारोतराव

*

कारंजा
पौष पौर्णिमा

भाऊजीले रामराम.

तुमच्या पत्राले उत्तर लिहाले मी या खेपेले कुठीच गेलो नाई. नुसता कागद म्होरं घेऊन बसलो होतो. पयले तं लई संताप आला. वाटलं, आताच निघतो, अन् साऱ्या शिवाराम्होरं ओरडून सांगतो की माही अक्का कायनं गेली. रहीमबी म्हने चाल, मीबी येतो. मंग थंड झालो. लेकराचं नाक माह्यावर गेलं असं ते म्हनली होती. त्या नाकाले पुसाले कोनीतरी पाह्यजे.

घेतो मी तो राग. पन एक गोष्ट आयका. कापडाले बट्टा लावू नका. चाचाचं पोट त्यावर हाय, अन् मंगरूळच्या बजारात आतापासूनच लोकं म्हनून राह्यले का सैफुद्दीनच्या कनातीत मानूस मरते. एकानं लग्नाचा सांगितलेला मांडव मोडून टाकला. चाचा मले एका शब्दानं बोलले नाई. नुसत्या कनाती बाह्यर काढून उन्हात टांगून ठेवल्या, समद्यायले दिसाव्या म्हनून. म्हनून तुमी असं सांगा, कापड बेस होतं, जगदेवानं ते लावाची रीत सांगितली नाई. त्या हरामखोराले सांगाचंच सुचलं नाई. हे चतुरामाय लगेच मानन. अन् भाऊजी, हे खोटं बी नाई. तुमी माह्यावर जे घालून राह्यले, त्यातलं अर्धं माहंच हाय. ते मी कोनासाठी उचलून नाई राह्यलो, ते माह्या खांद्यावर हायच.

बारसं झालं का? नाव काय ठेवलं ते लिहा. ते थोडं मोठं झालं की मले एक डाव दुरून दाखवा, कोन्या जत्रेत, गर्दीत. मी वळख नाई देनार. सांगसान तं मी कारंजा सोडून वर्धेकडं जातो, म्हनजे कोनी इचाराले बी येनार नाई. हिंडाची तं मले सवयच

भाऊजी, मधातच थांबलो होतो. आता लिहून राह्यलो ते नीट वाचा अन् घाबरू नका.

चतुरामाय अठी आली हाय.

तुमाले तांड्यावर जातो म्हनून सांगून निघाली म्हने, तुमी धुंडत असान. धरमसिंगाच्या गाडीत कमलीबाईले अन् दोन्ही लेकरायले घेऊन आली. लेकरू खुशाल हाय, कमलीबाईच्या वटीत झोपलं हाय. मी पाह्यलं. नाक खरंच.

मी उठून पाया पडाले गेलो. वाटलं, आता थोबाडात देते. तिनं पाय मांगं घेतले अन् म्हने, "माह्या पायाले हात नको लावू, पोरा." चाचानं पानी देलं, ते घेतलं नाई. दम लागला होता तिले, तरी उभ्यानंच सांगू लागली.

"मारोत्या म्हने कापडात जहर. म्या म्हटलं, जहर कसं असते पाह्यतो तं खरं. परवा दुपारी त्या मांडवात जाऊन बसली. कापड लावलेलं, विस्तव नाई. दिवस कलेपर्यंत बसली. काही नाई झालं. काल शेगडी पेटवून नेली अन् तशीच बसली."

मी म्हटलं, "चतुरामाय, असं काहून केलं!"

"डोकं जड झालं. मंग पोटात कालवलं. तिले जसं होत होतं न, ते सांगे अन् म्या म्हनो नखरे करते, तसंच. उठाले गेली तं पाय नाई. हात टेकाले गेला तं त्या मोरावर पडला. वलं होतं तवा माह्याच बोटानं काढलेला. सुईले जागा नाई तठी, जगदेवा. कमली आली म्हनून वाचली, नाई तं सुटली असती."

तुमाले शब्द देल्यावानी गप उभा राह्यलो. तिनं माह्या तोंडाकडं पाह्यलं अन् म्हने, "तुले ठावं होतं. अन् त्यालेबी."

आता ते आंगनात टांगलेल्या कनातीपाशी गेली हाय. एका हातानं कापड उचलून राह्यली अन् दुसऱ्या हाताची बोटं त्याच्याखाली घालून पाहून राह्यली, कधी दोन, कधी चार. तठूनच मले हाक मारून राह्यली, "अबे, अठी ये. किती मोकळं ठेवाचं होतं, ते मले दाखव."

धरमसिंग बैल न सोडता उभा हाय, हे पत्र तोच आनते. तुमी त्याच्याच गाडीत बसून निघा. मी तिच्यापाशी जातो.

जगदेव